कोरियन सिनेमातला आपला माणूस

आमच्या कॉलेजातले जिमखान्याचे सर माणसांना नंबराने ओळखत. नाव विचारून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या मिनिटाला विसरून जायचे. प्राचार्य एक नंबर. अर्थशास्त्राचे सर चार नंबर, कारण स्टाफरूममध्ये कुठलाही वाद निघाला की ते जाळ्यापाशी चेंडू अडवणाऱ्या खेळाडूसारखे दोन्ही हात वर करून मध्ये उभे राहत. मी पनवेलच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला तासिका तत्त्वावर लागले होते, म्हणून मला बारा नंबर मिळाला. बारा म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "संघातला शेवटचा खेळाडू. ट्रॅकसूट घालून येतो, ट्रॅकसूट घालूनच घरी जातो. पण फोटोत असतो." त्या वर्षीच्या स्टाफच्या फोटोत मी होते खरी, अगदी टोकाला, एक खांदा कापलेली.

ते स्वतः कधी काही खेळले होते की नाही याबद्दल कॉलेजात दोन तट होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी आणि गळ्यात शिट्टी असा त्यांचा बारमाही पोशाख. शिट्टी लग्नालाही असायची. एका सहकाऱ्याच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा त्यांनी ती तोंडाजवळ नेली होती, हे मी स्वतः पाहिलंय. बायकोने वेळीच हात धरला. "शिट्टी ही सरकारी भाषा आहे," ते म्हणायचे, "सगळ्यांना कळते आणि कोणी ऐकत नाही."

त्यांचं गाव कोणतं हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. रोडपालीच्या पोरांना ते सांगत, माझं आजोळ तुमच्याकडचं, आणि हेच आणखी कितीतरी गावांना सांगत. उरणच्या पोरांपाशी त्यांची मावशी करंजाला दिलेली असायची. मोहल्ल्यातल्या मुलांना सांगत की माझ्या वडिलांचे जिगरी दोस्त तुमच्या मशिदीमागे राहायचे, ईदला आमच्या घरी चूल पेटत नसे. एकदा मी हिशेब करून पाहिला, तर हे सगळं खरं असेल तर त्यांच्या आईला निदान आठ माहेरं असायला हवी होती. ते त्यांना सांगितलं तेव्हा जराही न लाजता म्हणाले, "संघ बांधायचा तर नातं बांधावं लागतं, बारा नंबर. आमच्याकडे पोरगा खेळायला येत नाही, गाव खेळायला येतं."

हे मात्र खरं होतं. पनवेल-उरणकडे व्हॉलीबॉल आणि कबड्डी गावावर चालते. एका गावचा पोरगा दुसऱ्या गावच्या कॅप्टनच्या हाताखाली खेळायचा म्हणजे आपल्याकडची सोयरीक मोडण्याइतकं अवघड. उलव्याच्या पोराने उचलून दिलेला चेंडू रोडपालीचा पोरगा मारायचाच नाही, मारावाच लागला तर मुद्दाम जाळ्यात मारायचा. प्राचार्य दर वर्षी संघाला 'खेळात जात नसते, गाव नसतं' असं भाषण देत. सर मागे उभे राहून माझ्या कानात सांगत, "खेळात जात नसते असं म्हणणारा माणूस नेहमी कॅप्टन असतो."

अशा पोरांना एकत्र बसवायला त्यांच्या हाती लागला तो कोरियन सिनेमा.

नव्वदीची सुरुवात होती. न्हाव्याचं बंदर नुकतंच चालू झालं होतं आणि तिथे परदेशी बोटी लागत. करंजाच्या एका कोळ्याच्या पोराचा भाऊ लाँचवर कामाला होता. बोटीवरच्या कोणा खलाशाला त्याने सुके बोंबील दिले आणि खलाशाने खूश होऊन त्याला एक व्हिडिओ कॅसेट दिली. भावाने घरी लावून पाहिली, तर त्यात मारामारी नाही, नाच नाही, नुसती कॉलेजातली पोरं व्हॉलीबॉल खेळताहेत. मग ती कॅसेट कॉलेजात आली. सबटायटल वगैरे काही नव्हतं. शिवाय तिकडची कॅसेट आमच्या व्हीसीआरला मानवत नसे, त्यामुळे रंगीत सिनेमा आमच्याकडे आल्यावर काळा-पांढरा व्हायचा आणि मधूनमधून थरथरायचा. तो थरथरला की सर टीव्हीच्या डोक्यावर हलकी टपली मारत.

गोष्ट साधी होती. एका कॉलेजचा भिकार संघ. त्यात एक जाड्या, जो सतत काही ना काही खात असतो. एक उंच, चष्मा लावणारा. एक फाटक्या बुटांचा. एक केसांना तेल लावून सतत आरशात बघणारा. एक नुसताच रडका. हे सगळे सुरुवातीला हरतात, भांडतात, एकमेकांच्या अंगावर पडतात आणि शेवटी जिंकतात. बाकी ते काय बोलत होते, देव जाणे.

पण सरांना देवाची गरज नव्हती. जिमखान्याच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभं राहून ते सगळ्या पात्रांचे संवाद मराठीत म्हणत. प्रत्येकाला वेगळा आवाज आणि वेगळं गाव. जाड्या उरणचा, "मना भूक लागलीय, पयला जेवू, मंग जिंकू" म्हणणारा. उंच चष्मेवाला पनवेल गावातल्या आळीतला, प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द घालणारा आणि दर वेळी चेंडू तोंडावर घेणारा. तेलवाला मोहल्ल्यातला, शेर म्हणत सर्व्हिस करणारा. फाटक्या बुटांचा रोडपालीचा, ज्याची जमीन सरकारी प्रकल्पात गेलीय आणि पैसे अजून मिळालेले नाहीत. पहिल्याच खेळाला पोरं अशी लोळली की भूगोलाचे सर खालून विचारायला आले, भूकंप झाला का.

खरी गंमत पुढे सुरू झाली. खेळ संपला की पोरं शिष्टमंडळ घेऊन येत. उलव्याचे दोघे एकदा स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले.

"सर, रोडपालीचा हाय, उरनचा हाय, मंग उलव्याचा क्याला नाय?"

"आहे की. तो रडका."

"रडका आमाला नको. रडका त्यांना द्या."

मग सरांनी रडक्याला पनवेलच्या वकिलाचा मुलगा केला आणि तेलवाल्याच्या मागेमागे फिरणाऱ्या मित्राला उलव्याला पाठवलं. त्याने मोहल्ल्यातली मुलं नाराज झाली, कारण मित्राला दोन संवाद जास्त मिळाले होते. चिरनेरला तीस साली जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता; तिथला एक मुलगा तर तावातावाने म्हणाला, "आमच्या गावान् जंगलासाठी गोल्या खाल्ल्या, आन तुमच्या सिनेमान् आमचा एक बी मानूस नाय?" सरांनी डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सिनेमातला पंच चिरनेरचा झाला. तो कोणालाच घाबरत नाही, कोणाचंच ऐकत नाही आणि त्याचा निर्णय अखेरचा असतो. चिरनेर समाधानी झालं.

मी त्यांना हसून म्हटलं होतं, "सर, तुम्ही सिनेमा दाखवताय की जागावाटप करताय?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "बारा नंबर, माणूस सिनेमात आधी स्वतःला शोधतो. सापडला की मग गोष्ट बघतो. नाही सापडला तर शेंगदाणे खातो."

आणि चमत्कार म्हणा, पण त्या वर्षी उलव्याचा चेंडू रोडपालीने मारला. मुलांचा संघ जिल्ह्यात दुसरा आला. प्राचार्यांनी ट्रॉफी आपल्या केबिनमध्ये ठेवली आणि श्रेय आपल्या भाषणाला दिलं.

पुढच्या वर्षी यमुना आली.

डोंगराकडच्या कातकरी वाडीवरची मुलगी, आश्रमशाळेत शिकून आमच्याकडे एफ.वाय.ला आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. माझ्या वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि मी कवितेचं रसग्रहण करत असताना खिडकीतून ग्राउंडवर बघे. मी एकदा विचारलं, काय दिसतंय. म्हणाली, "त्यो सर्विस टाकतोय त्याचं ढोपर वाकडं हाय, मॅडम." मी खिडकी बंद केली नाही, कारण ढोपर खरंच वाकडं होतं. आश्रमशाळेत ती सहा वर्षं व्हॉलीबॉल खेळलेली होती. आमच्याकडे मात्र मुलींचा संघच नव्हता. मुलींसाठी संगीतखुर्ची आणि रांगोळी होती.

वर्षारंभीच्या सिनेमाच्या खेळाला हॉल गच्च भरला होता. मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. सर रंगात आले होते, जाड्याला तर त्यांनी नवीन गाणं दिलं होतं. सिनेमा संपला, टाळ्या पडल्या, गावोगावचे लोक आपापल्या माणसाचं कौतुक करायला लागले. त्या गडबडीत यमुना पुढे आली.

"सर, यात मी कोन हाय?"

हा प्रश्न सरांना नवीन नव्हता. त्यांनी सवयीने बोट वर केलं आणि ते तसंच राहिलं. कारण त्या सिनेमात एकच मुलगी होती आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत हातात टॉवेल घेऊन उभी होती. खेळाडू घामाघूम होऊन आले की टॉवेल द्यायची, गेले की घडी करायची. सरांनी तिला आवाजसुद्धा दिला नव्हता.

"ती टॉवेलवाली..." सरांनी सुरुवात केली.

"ती नाय," यमुना म्हणाली. "मी खेलते."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी टीव्हीला उगाच टपली मारली. चित्र तर थरथरत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी भूगोलाच्या सरांकडून व्हीसीआरच्या कपाटाची किल्ली घेतली आणि रोज मधल्या सुट्टीत एकटेच सिनेमा बघत बसू लागले. एका दुपारी मला हाक मारली. "बारा नंबर, इकडे या. हे काय दिसतंय?"

पडद्यावर संघाचं बाकडं होतं. बाकड्याच्या टोकाला एक राखीव खेळाडू. डोक्यावर टॉवेल, मान खाली, तोंड दिसत नाही. सरांनी फीत पुढे नेली. तोच खेळाडू, तसाच. अख्ख्या सिनेमाभर तो तिथे बसलेला होता आणि आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. शेवटच्या सामन्यात जाड्याचा पाय मुरगळतो तेव्हा हा खेळाडू उठतो, पाठमोराच जाऊन सर्व्हिस टाकतो, कॅमेरा बाकीच्यांचे चेहरे दाखवतो, चेंडू पडतो, सामना जिंकतात आणि मिठ्यांच्या ढिगात तो दिसेनासा होतो.

"हा मुलगा आहे असं कशावरून?" सर म्हणाले.

"सर, मुलांच्या संघात..."

"कशावरून? मिश्या दिसतात? आवाज ऐकला? नाव माहीत आहे?" त्यांचा चेहरा खुलला होता. "जागा सापडली. वाडीवरची आहे ती."

पुढच्या खेळाला बाकावरचा खेळाडू बोलायला लागला. सरांनी तिला फार मोठं भाषण दिलं होतं, रानाबद्दल, अन्यायाबद्दल, आणि त्यात 'हे माझ्या बांधवांनो' असंही काहीतरी होतं. मुलांनी शिट्ट्या मारल्या, भिंतीजवळच्या मुलींनी टाळ्या. खेळ संपल्यावर यमुना पुढे आली. मग म्हणाली, "सर, ती एवडं बोलनार नाय. सर्विसला जाताना कोन भाषन करतं?" सरांनी मुकाट्याने भाषण कापलं. त्यांचे संवाद कोणी कापल्याचं माझ्या ऐकिवात तरी दुसरं उदाहरण नाही.

पण त्या खेळाने झालं असं की मुली येऊन उभ्या राहिल्या. मोहल्ल्यातली रेश्मा आली, उंचीला चांगली, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर ओढणी घट्ट बांधून. रोडपालीची एक आली, तिचे तिन्ही भाऊ गावच्या संघात होते आणि त्यांना ती अंगणात हरवायची. पनवेल गावातल्या दोघी आल्या. सहा जमल्या, सात झाल्या. रेश्माला कॅप्टन केलं. सकाळी साडेसहाला ग्राउंडवर शिट्टी वाजायला लागली आणि पहिल्यांदाच ती कोणीतरी ऐकत होतं. यमुनाची सर्व्हिस मी तेव्हा पाहिली. चेंडू सरळ जायचा, सगळ्यांना तो बाहेर जाईल असं वाटायचं आणि तो आत पडायचा. तेव्हा सर्व्हिस आपल्या हातात असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळे अशी सर्व्हिस असलेला खेळाडू म्हणजे अर्धा संघ. "मना अलिबागला जायचं हाय, मॅडम," ती मला म्हणाली. "येक डाव खरी म्याच खेलायची हाय. वाडीवर सांगून आलीया."

अलिबागला जिल्ह्यातल्या कॉलेजांचे सामने होते आणि प्राचार्य परवानगीवर सही करेनात. माणूस वाईट नव्हता, पण परीक्षा सोडून जगात काही घडू नये असं त्यांना मनापासून वाटे. मुली परगावी न्यायच्या, पालक काय म्हणतील, एखादीचा पाय मोडला तर लग्नाचं काय. स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत दोघांची जुंपली. सरांनी शेवटी सिनेमा पुढे केला. "तिकडे कोरियात मुलगी मुलांच्या संघातून खेळते, आपल्याला मुलींचा संघ पाठवता येत नाही?"

"अहो, तुम्ही काय वाट्टेल ते बोलता त्या सिनेमात," प्राचार्य भडकले. "त्या बाकावर मुलगा आहे हे आंधळाही सांगेल. थांबा. स्नेहसंमेलनाला पाहुणे कोण आहेत माहीत आहे ना?"

सगळ्यांना माहीत होतं. तळोज्याकडच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला एक कोरियन इंजिनिअर आला होता. तो अर्थशास्त्राच्या सरांच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचा, आणि परदेशी पाहुणा म्हणून त्याला बोलवायचं ठरलं होतं.

"त्यांनाच सिनेमा दाखवू. त्यांनाच विचारू. ती मुलगी निघाली तर तिथल्या तिथे सही करतो."

"आणि मुलगा आहे असं ते म्हणाले नाहीत तर?" सरांनी विचारलं.

"तेच ते," प्राचार्य म्हणाले. चार नंबर नेहमीप्रमाणे हात वर करून उभे होते, त्यामुळे साक्षीदारही मिळाला.

मी सरांना बाहेर गाठलं. "तुम्ही मुलींचं अलिबाग त्या टॉवेलच्या आड कोण आहे त्यावर लावलंत? तो मुलगाच असणार, सर."

"असणार," ते म्हणाले. "पण एवढ्याशा आशेवर मी याच्याआधीही संघ उतरवलेत." आणि शिट्टी पुसत निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली केळी खाल्ली नाहीत.

स्नेहसंमेलनात पाहुणे पहिल्या रांगेत बसले. चाळिशीचा, लहान चणीचा, फार लाजाळू माणूस. इंग्रजी बेताचं, माझ्याइतकंच, म्हणून दुभाषी मी. टीव्हीवर सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच दृश्याला पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. हा सिनेमा आपण विद्यार्थी असताना पाहिलाय, असं त्यांनी मला सांगितलं. मागे बसलेल्या यमुनाला मी ते सांगितलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीखाली होते.

सरांनी त्या दिवशी आपलं सगळं पणाला लावलं. उरणचा जाड्या तर असा बोलला की उरणच्या कोळीवाड्याहून नातवंडांचं संमेलन बघायला आलेल्या म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसत हसत होत्या. सरांच्या सिनेमात जाड्याला कोणी हसत नसे, तो दुसऱ्यांना हसायचा. भूक लागली म्हणून सामना थांबवायचा आणि जेवून येऊन जिंकून द्यायचा. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, पण ते जाड्याकडे आणि त्या म्हाताऱ्या बायांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटची सर्व्हिस झाली. बाकावरचा खेळाडू मिठ्यांत दिसेनासा झाला. दिवे लागले.

प्राचार्य माईकपाशी गेले. "पाहुण्यांना विचारा, बाकावर बसलेला खेळाडू मुलगा की मुलगी."

मी विचारलं. पाहुणे टीव्हीच्या रिकाम्या काचेकडे वळले. मग उलट मला विचारलं, तो जाड्या इथल्या भाषेत कुठला झालाय, आणि त्या आजी कुठल्या. मी सांगितलं, दोघं एकाच ठिकाणचे, उरणचे, मासेमारी करणारे. ते हळूहळू बोलायला लागले आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले.

"तो जाड्या माझ्या मुलखाचा आहे. आमचा भाग शेतीचा, दूरचा. आमची बोली सिनेमात फक्त नोकर आणि गुंड बोलतात. त्याने तोंड उघडलं की राजधानीतलं थिएटर हसायचं. मी तिथे शिकायला होतो. हा सिनेमा मी चार वेळा पाहिला. दर वेळी फक्त त्याच्याकडे बघत राहिलो, की आज तरी लोक थोडं कमी हसतील. आज पहिल्यांदा त्याच्या गावची माणसं त्याच्याबरोबर हसताना पाहिली."

ते थांबले. मला वाटलं ते मूळ प्रश्न विसरले. पण नाही.

"बाकावर कोण होतं, मला माहीत नाही. बाकाकडे मी कधी पाहिलंच नाही. याची मला आज लाज वाटते."

तेही वाक्य मी मराठीत सांगितलं. प्राचार्य गोंधळून माझ्याकडे बघत होते. चार नंबरनी हात खाली घेतले. सर टीव्हीशेजारून शांतपणे म्हणाले, "मुलगा आहे असं पाहुणे म्हणाले नाहीत." प्राचार्यांनी खिशातून पेन काढलं. शब्दाचा माणूस होता, ते मात्र कबूल करायला हवं.

मुलींबरोबर बाई माणूस हवं असा नियम होता, म्हणून अलिबागला मीही गेले. सर एसटीत बसल्यापासून अवघडल्यासारखे होते. त्यांनी कोऱ्या टॉवेलची एक थप्पी आणली होती.

सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी सहा जणी उतरवल्या आणि यमुनाला बाकावर बसवलं. तिच्या खांद्यावर एक टॉवेल टाकला. मला वाटलं तिचा पाय दुखत असेल. पहिला सेट गेला. समोरचा संघ काही फार मोठा नव्हता, पण आमच्याकडे सर्व्हिस टिकत नव्हती. दुसऱ्यातही आम्ही मागे पडलो तेव्हा रेश्मा धापा टाकत कडेला आली.

"सर, यमुना को भेजो ना. आमच्याच्याने सर्व्हिस होत नाही."

"थांब. अजून वेळ आली नाही," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते आणि ते डोळे मला ओळखीचे होते. व्हीसीआरसमोर असायचे तसे. त्या माणसाच्या डोक्यात अख्खा सिनेमा चालू होता आणि त्यात ती शेवटच्या क्षणी उठते. शेवटचा क्षण यायचा म्हणून ते आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला बसवून ठेवून सामना घालवत होते. सगळं प्रेमाने चाललं होतं. मी काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही.

यमुना उठली. टॉवेल घडी न करता बाकावर टाकला.

"सर, त्या बाकावर कोन बसलं व्हतं त्ये पाव्हन्याला बी म्हाईत नाय. मी कोन हाय त्ये तुमाला म्हाईत हाय ना? मंग सोडा."

ती ओरडली नाही. घरात पाणी मागावं तसं म्हणाली. सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्यांनी पंचाकडे वळून खेळाडू बदलायची खूण केली, दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवायची, आणि तिची पाळी येऊन ती सर्व्हिसला जाईपर्यंत ते हात तसेच फिरवत राहिले. मी त्यांना धरून खाली बसवलं.

चेंडू सरळ जायला लागला आणि आत पडायला लागला. समोरच्या मुली सोडायच्या आणि मागे वळून बघायच्या. आम्ही बरोबरीला आलो, पुढे गेलो, रेश्माने आयुष्यात पहिल्यांदा चेंडू जाळ्यावरून पलीकडच्या जमिनीवर आपटला आणि किंचाळली. तो सेट आम्ही घेतला. तिसरा हरलो, पण अगदी शेवटच्या गुणापर्यंत रडवून. सरांनी त्या सगळ्या वेळात ना शिट्टी वाजवली, ना कोणाचा आवाज काढला.

परतीच्या एसटीत, पेणच्या पुढे, मुलींना हुशारी आली. रेश्मा म्हणाली, "सर, मॅच सुनाओ ना. पूर्ण, पहिल्यापासून." दर सामन्यानंतर ते सगळ्यांच्या आवाजात तो पुन्हा सांगत, हा त्यांचा शिरस्ता होता. मुलींच्या संघाची ती पहिलीच पाळी. सर उठले, पुढच्या सीटचा दांडा धरला, घसा खाकरला.

"सर," मागून यमुना म्हणाली, "तुमी बाकावर व्हता. तुमाला काय दिसलं असंल? मी सांगते."

गाडीत कोणी हसलं नाही. सर्व जणी सरांकडे बघत होत्या, मीही. सरांनी दांडा सोडला. मग बाजूला झाले आणि तिला पुढे यायला वाट दिली.

पनवेल येईपर्यंत ती सांगत होती. सातही जणींचे आवाज तिला येत होते, समोरच्या संघाचेही. पंच तर हुबेहूब. सर खिडकीपाशी बसून मान पुढे काढून ऐकत होते. तिच्या सामन्यात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "थांब. अजून वेळ आली नाही," आणि ते तिने अगदी त्यांच्यासारखं म्हटलं. सगळ्यात मोठ्याने तेच हसले आणि म्हणाले, "पुन्हा म्हण."